हातातला छोटा व्हॅक्युम क्लीनर २५ सेकंदांत बंद पडतो. दुरुस्त करू की नवा घेऊ?

कोपऱ्यातली_धूळ

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण त्यावरून घरात तीन दिवस धुसफूस चालू आहे, म्हणून इथे मांडते.

आमच्याकडे हातात धरून वापरायचा, चार्जिंगवर चालणारा छोटा व्हॅक्युम क्लीनर आहे. महागातला नाही, या प्रकारातले जे सगळ्यात स्वस्त दोन-तीन असतात, त्यातलाच एक. चार वर्षं झाली. अख्ख्या घराचा केर काढायला तो घेतलाच नव्हता. त्याची कामं ठरलेली : सरकत्या खिडक्यांच्या खाचा, जिन्याच्या पायऱ्यांचे कोपरे, सोफ्याच्या गाद्यांमधली फट, लेकीच्या टेबलावरचा खोडरबरचा भुगा आणि मांजराचे केस. (खुद्द मांजर याचा आवाज आला की कपाटावर चढून बसतं आणि तिथून माझ्याकडे असं बघतं की मीच काहीतरी चुकतेय.)

आता दुखणं. रात्रभर चार्जिंगला लावते. सकाळी दिवा हिरवा, म्हणजे पोटभर झालं. बटण दाबलं की पहिल्यासारखा गुरगुरत सुरू होतो, आणि थोड्या वेळात खटकन गप्प. मी घड्याळ लावून पाहिलं : एकदा २४ सेकंद, एकदा २६, एकदा २५. मिनिटभर थांबून परत दाबलं तर पाच-सहा सेकंद चालतो आणि पुन्हा गप्प. नवा असताना एका चार्जिंगमध्ये बारा-तेरा मिनिटं चालायचा. तीन-चार महिन्यांपूर्वी ते सहा-सात मिनिटांवर आलं होतं, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग अचानक हे.

फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून बसवला. नळीचं तोंड साफ केलं. चार्जरची पिन पुसली. काही फरक नाही.

घरातली मतं अशी. आमचे हे म्हणतात, "एवढ्याशा वस्तूसाठी डोकं कशाला, नवा आण." धाकटा दीर म्हणतो, बॅटरी बदल, पण त्याने आयुष्यात कधी काही उघडून परत मिटवल्याचं मी पाहिलेलं नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर त्याने हातात घेऊन उलटसुलट केलं आणि "यात काही होत नाही ताई" म्हणून परत दिलं. उघडलंसुद्धा नाही. याचा तयार बॅटरी-संच वेगळा मिळतो असं दिसतंय, पण तो नव्या मशीनच्या किमतीच्या साधारण ४० टक्क्यांना. आणि तो घातल्यावर कळलं की बॅटरी नव्हतीच, मोटर होती, तर? तेही पैसे गेले, आणि मग "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकावं लागणार ते वेगळंच.

घरात एक साधा मल्टिमीटर आहे. स्क्रू ड्रायव्हर धरता येतो. भीती वाटत नाही, पण उगीच धाडसही करायचं नाही. काय करू?

---

सुटसुटीत

नवा घ्या. खरंच सांगतो.

मी मागे दाबल्यावर पाणी उडवणाऱ्या एका फरशी पुसायच्या काठीवर दोन रविवार घालवले. आतला चिमुकला पंप चिरला होता. आधी चिकटवला, मग गळायला लागला, मग त्याच्यासाठी नळीचा तुकडा शोधत फिरलो. शेवटी काठी चालली, पण दर तिसऱ्या दाबाला हातावर फवारा. आता ती गॅलरीत उभी आहे आणि मी बादली-फडक्याने पुसतो. वस्तूची किंमत सगळे धरतात, स्वतःच्या वेळेची कोणी धरत नाही.

फक्त एक सुचवतो. घेणारच असाल तर या वेळी वायरवाला बघा. खिडकी, सोफा, टेबल, तुमची बहुतेक कामं प्लगजवळचीच आहेत. वायर म्हातारी होत नाही.

---

पक्कडवाला

ताई, दुरुस्ती की नवा, हा प्रश्न नंतरचा. आधी आत कोण गेलंय ते कळू द्या. आणि ते न उघडता, एक पैसा न घालता कळतं. तुम्ही घड्याळ लावून मोजताय म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

असली मशीन मध्येच बंद पडते तेव्हा माझा संशय दोघांवर असतो : बॅटरी दमली, किंवा हवेची वाट बंद होऊन मोटर तापली. दोन्हीत मशीन थांबते, पण थांबण्याआधी वेगळं बोलते. कान द्या.

हवेची वाट अडली की आवाज चढतो. व्हॅक्युमच्या तोंडावर तळहात ठेवून बघा, कसा किंचाळतो. लोकांना वाटतं मोटरवर ताण आला. खरं उलट असतं. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्याचं ओझं उतरतं आणि तो सुसाट फिरतो. मग मोटर तापते का? कारण बहुतेक मशीनमध्ये जी हवा आत ओढली जाते तीच मोटरला गार ठेवते. हवा बंद, गारवा बंद. आणि तापून थांबलेली मोटर मिनिटभरात पुन्हा सुरू होत नाही, तिला निवायला चांगला वेळ लागतो.

बॅटरी दमली असेल तर आवाज चढत नाही. असलाच तर शेवटी किंचित खाली बसतो आणि एकदम तुटतो. आतलं संरक्षणाचं सर्किट बघतं की व्होल्टेज फार खाली गेलं, आणि पुरवठा कापतं. मिनिटभर थांबलात की ओझं नसल्यामुळे व्होल्टेज जरा वर येतं, म्हणून पाच सेकंद चालतो. तुमचं वर्णन मला याच बाजूचं वाटतंय.

खात्री करायला हे करा. पूर्ण चार्ज करा. फिल्टर काढा, कचऱ्याचा डबाही काढा, आणि स्वच्छ टेबलावर, आजूबाजूला धूळ-केस काही नसताना, नुसता चालवा. किती सेकंद चालतो ते मोजा. फिल्टर चोंदलेला होता असं असेल तर आता तो जास्त वेळ चालेल. बॅटरी गेलेली असेल तर आता तो आणखी लवकर बंद पडेल, कारण मोकळी हवा ओढायला मोटरला जास्त करंट लागतो. हे डोक्याला उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जाता जाता चार्जरची पिन मल्टिमीटरने तपासा. चार्जरवर जे व्होल्ट छापलेत तेवढे किंवा थोडे जास्त यायला हवेत. शून्य आलं तर चार्जर बदला आणि पार्टी द्या. पण तुमचा दिवा हिरवा होतोय, तेव्हा चार्जर मेलेला नसावा.

---

चटका_बसलेला

वरचं सगळं पटलं. मी फक्त एक सांगायला आलोय, आणि ते माझ्या नावातच आहे.

बॅटरी निघाली तर "सुटे सेल आणून घरीच डाग देतो" असं कोणी म्हणालं (दीर असे म्हणतात, मीही कुणाचा तरी दीर आहे), तर त्याच्या हातातून सोल्डरिंगची इस्त्री काढून घ्या. मी सेलच्या बुडाला वायर चिकटवत होतो. कथील पसरेना, म्हणून टोक दाबून धरलं, दहा-बारा सेकंद. वरचं प्लास्टिक आकसलं, मग बारीकशी "स्स्स" आणि नाकात गोडसर, नखांच्या रंगासारखा वास. चिमट्याने उचलून तसाच बाहेर वाळूच्या कुंडीत टाकला. पेटला नाही, हे नशीब. सेलच्या आत दोन थरांना वेगळं ठेवणारा जो पातळ पडदा असतो तो १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, आणि माझी इस्त्री होती ३५० ला. म्हणून कारखान्यात हे सेल निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. क्षणभराचा चटका, उष्णता आत पोचायच्या आधी काम संपलेलं.

तेव्हा पट्ट्या, सर्किट आणि प्लग लावलेला तयार संच मिळत असेल तर तोच घ्या, ४० टक्के तर ४० टक्के.

तो घेतानाही डोळे उघडे ठेवा. आत बहुधा १८६५० जातीचे सेल असतील : १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. या आकारात साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप) आसपास भरलं की डबा भरला. ९९०० लिहिलेला सेल दिसला तर विकणारा तुमची परीक्षा घेतोय. शिवाय नुसती क्षमता बघून चालत नाही. ८० वॅटची मोटर ११ व्होल्टवर सव्वासात अँपिअर खेचते. टॉर्चमध्ये निवांत जगणारा सेल इथे धापा टाकतो. "हाय डिस्चार्ज", म्हणजे एका दमात जास्त करंट देणारा, असं लिहिलंय का ते बघा.

आणि जुना संच घरच्या केरात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की तिथे पेट घेऊ शकतो. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

---

निवृत्त_फोरमन

सगळे किमतीवरच बोलताहेत. "सुटा भाग नव्याच्या निम्म्यापेक्षा महाग असला तर नवा घ्या" हा नियम मीही कारखान्यात पाळला, पण तो फक्त तेव्हा खरा, जेव्हा नवी वस्तू जुनीपेक्षा जास्त टिकणार असते. इथे नवं मशीन म्हणजे काय? तेच प्लास्टिक, तसलीच मोटर आणि बहुतेक त्याच जातीचे सेल. म्हणजे तुम्ही तीन-चार वर्षांची बॅटरीच विकत घेणार, फक्त तिच्याभोवती नवं कवच. तेव्हा ४० टक्क्यांची तुलना १०० टक्क्यांशी सरळ होते, यात "निम्मं" वगैरे आणायचं कारण नाही.

अट एकच : बाकीचं अंग धडधाकट हवं. चार वर्षांच्या स्वस्त मशीनमध्ये मी तीन ठिकाणी हात लावून बघेन. मोटर हाताने फिरवल्यावर खरखरते का. खरखरली तर आस ज्यात फिरतो तो बुश झिजलाय. चालताना ठिणग्यांचा जळका वास येतो का. येत असेल तर मोटरला करंट पोचवणारे कार्बन संपत आलेत. आणि कचऱ्याच्या डब्याचा खटका व त्याभोवतीची रबराची कड. या कडेतून हवा चोरली गेली की नवी बॅटरी घालूनही ओढ येत नाही आणि माणूस बॅटरीवाल्याला शिव्या देतो.

वायरवाल्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे. फक्त पायऱ्या मोजा. जिन्यावर प्लग असतो का?

---

कोपऱ्यातली_धूळ

सगळ्यांचे आभार. काल आणि आज दुपारी घर रिकामं होतं, म्हणून परीक्षा घेतली.

आधी आवाज. तीनदा ऐकला. चढत नाही. शेवटच्या सेकंदाला "ऊं" चा "ओं" होतो आणि तुटतो. पक्कडवाले म्हणतात तसंच.

मग फिल्टर आणि डबा काढून मोकळा चालवला. १४ सेकंद! परत रात्रभर चार्ज करून आज पुन्हा, १५. म्हणजे मोकळं केल्यावर आणखी लवकर मेला. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "बघ, फिल्टर काढल्याने आणखी बिघडला." मग मला पंखा, हवा, ओझं हे सगळं समजावून सांगावं लागलं. तळहात ठेवून किंचाळी ऐकवली तेव्हा कुठे पटलं. मांजर अजून कपाटावर आहे.

मग उघडला. अर्धा तास स्क्रूच सापडेनात. दोन दिसत होते ते काढले तरी कवच हलेना. शेवटी मॉडेल नंबरच्या चिकट कागदावरून अंगठा फिरवला, तर एका जागी तो किंचित खोल गेला. कागद तिथे फाडला, खाली स्क्रू. दुसरा बुडाच्या रबरी पायाखाली. (कागदावर जे छापलं होतं त्याचा आधी फोटो काढून ठेवला, संच मागवताना लागेल म्हणून. हे शहाणपण मला उशिरा सुचतं, आज वेळेवर सुचलं.)

आत तीन सेल, एकामागे एक जोडलेले, वर सर्किटची हिरवी छोटी पट्टी. फुगलेला, गळलेला एकही नाही. वायर एका पांढऱ्या प्लगने मोटरच्या बाजूला जोडलेली, म्हणजे डाग द्यायचा प्रश्नच नाही. मल्टिमीटरची टोकं एकेका सेलला जपून लावली. आकडे : ४.१४, ४.१५ आणि ३.५२ व्होल्ट.

मोटरच्या तोंडाशी आसाला केसांचं वेटोळं होतं, नाण्याएवढं, घट्ट दाबलेलं. माझे आणि मांजराचे, दोघींचे. ते नखं कापायच्या कात्रीने काढलं. मोटर बोटाने फिरवली, खरखर नाही. वास नाही.

आता प्रश्न : दोन सेल चांगले दिसताहेत. मग एकच बदलून भागेल का?

---

पक्कडवाला

वा ताई. तिसराच गुन्हेगार.

तो सेल आतल्या आत गळतोय, व्होल्टेज धरून ठेवत नाही. म्हणूनच दिवा हिरवा होत होता : बाकीचे दोघं भरले की सर्किट म्हणतं "पुरे", आणि हा बिचारा अर्धपोटीच उठतो. वापरताना हाच आधी तळाला जातो आणि याच्यासाठी सगळ्यांचा पुरवठा तोडला जातो. साखळीत तिघं आहेत, चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची.

एकच बदलू नका. चार वर्षं झिजलेल्या दोघांत एक नवा तरुण घातला की भरणं-रितं होणं जुळत नाही, आणि काही महिन्यांत पुन्हा हेच, या वेळी दुसऱ्याच्या नावाने. शिवाय एकट्यासाठी वेल्डिंग कोण करणार? संच बदला. प्लगचा आकार आणि तांबड्या-काळ्या वायरींची बाजू जुन्याशी ताडून मगच जोडा. स्वस्त संचात कधीकधी त्या उलट बसवलेल्या असतात.

---

सुटसुटीत

माघार घेतो. पण हिशोबात आजची दुपार धरलीत का?

---

कोपऱ्यातली_धूळ

धरली. सव्वादोन तास, त्यातला अर्धा तास स्क्रू शोधण्यात. तेवढ्या वेळात मी एरवी फोनच बघत बसले असते, तेव्हा स्वतःला पगार लावत नाही.

दहा दिवसांनी लिहितेय. निर्णय काय झाला ते सांगायचं राहिलं होतं.

संच मागवायच्या आधी ह्यांच्या समाधानासाठी नवा बघायलाही गेलो. त्याच प्रकारातलं पुढचं मॉडेल होतं. दिसायला छान, थोडा हलका. मी सवयीने उलटा केला आणि स्क्रू शोधले. एकही नाही. कागदावरून अंगठा फिरवला, खड्डा नाही. दोन अर्धी कवचं कडेने एकमेकांत वितळवून चिकटवलेली. म्हणजे चार वर्षांनी त्याचा तिसरा सेल झोपला की करवत घ्यायची. मी तो परत ठेवला. ह्यांनी का विचारलं नाही. मी कवचावरून बोट फिरवत होते ते त्यांनी पाहिलं होतं.

संच आला. वायरी ताडल्या, सरळ होत्या. मल्टिमीटर लावला, तिन्ही सेल मिळून ११.३ व्होल्ट. जोडला, पूर्ण चार्ज केला, घड्याळ लावलं. १२ मिनिटं ४० सेकंद. संपूर्ण जिना, पाच खिडक्यांच्या खाचा आणि सोफ्याची एक बाजू झाल्यावर थांबला. जुना संच टोकांना चिकटपट्टी लावून डब्यात ठेवलाय, ई-कचऱ्याचा मुक्काम शोधते.

आता खरी गंमत. फोरमनकाका, तुमची नजर लागली. कवच मिटवताना कचऱ्याच्या डब्याचा खटका माझ्या अंगठ्याखाली कट्ट करून मोडला. प्लास्टिक चार वर्षांत बिस्किटासारखं झालं होतं. डबा बसतो, पण दाबून धरला नाही तर कडेतून हवा जाते. सध्या वरून केसांचा रबर ताणून लावलाय. ओढ येते, पण दर दोन दिवसांनी रबर तुटतो आणि डबा आतल्या सगळ्या मालासकट पायरीवर. काल मांजराच्या समोरच पडला.

खटका चिकटवून पाहिला, दोन वेळा उघडला की सुटतो. काही टिकाऊ उपाय?

---

निवृत्त_फोरमन

चिकटवू नका, खटक्यावर ताण येतो, तिथे गोंद धरत नाही. सायकलची जुनी ट्यूब घ्या, आडवी कापून दोन बोटं रुंद गोल पट्टी काढा आणि डब्याच्या सांध्यावरच चढवा. डबा दाबून धरेल आणि कडेची फटही बुजवेल. आधी ट्यूबच्या आतली पांढरी पावडर धुऊन टाका, नाहीतर पहिल्याच दिवशी फिल्टर भरेल.

---

कोपऱ्यातली_धूळ

लेकीची लहानपणीची सायकल माळ्यावर आहे. मागचं चाक तसंही पंक्चर आहे. काढते.